कूलंट कमी होतंय? ओतण्याआधी वॉटर पंप बघा

गाडीचा वॉटर पंप सहसा एका दिवसात जात नाही. आधी काही आठवडे, कधी काही महिने तो थेंबथेंब गळतो, गुरगुरतो, बेल्टच्या बाजूला डाग पाडत राहतो. पण हे सगळं बोनेटखाली चालतं आणि बोनेट आपण उघडतो ते वायपरचं पाणी भरायला. मग मे महिन्याच्या सुट्टीत, माणसांनी आणि सामानानं भरलेली गाडी कसाऱ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून निघालेली असते, तेव्हा तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो.

ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतली आहे, त्यातही सेकंडहँड, त्यांनी ही तपासणी शिकून घ्यावी. टॉर्च, मार्कर पेन, जुना पुठ्ठा आणि मोबाइल एवढं पुरतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चहा होईपर्यंत बहुतेक काम उरकतं.

पंप करतो काय

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटमार्गे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवामार्गे, बाहेर काढावी लागते. पंप हे कूलंट इंजिनाच्या ब्लॉकमधून (मुख्य सांगाड्यातून) आणि हेडमधून (त्यावरच्या झाकणासारख्या भागातून) फिरवतो. तिथून ते रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत येतं. पंपाची रचना साधी आहे. आतल्या टोकाला पाती असलेलं चाक, म्हणजे इम्पेलर. बाहेरच्या टोकाला बेल्टवर फिरणारी पुली. दोघांना जोडणारा शाफ्ट, तो पेलणारं बेअरिंग, आणि कूलंट बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून सील.

सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध, पंपाच्या अंगाला खालच्या बाजूनं एक बारीक भोक असतं. त्याला वीप होल म्हणतात. सील झिजलं की निसटलेलं कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडतं. भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. तरीही ते एम-सीलनं बुजवणारे महाभाग आहेत. तसं केलं की गळती दिसायची थांबते, कूलंट बेअरिंगमध्ये घुसतं, आणि जो पंप महिनाभर रडत चालला असता तो आठवड्यात जाम होतो.

आधी पंप शोधा

मॅन्युअल उघडा, किंवा गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून व्हिडिओ बघा. बऱ्याच गाड्यांत पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो, तोच बेल्ट. हा पंप टॉर्चनं दिसतो, निदान त्याची पुली तरी दिसते.

काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणाऱ्या बेल्टवर, असतो आणि झाकणाच्या आत दडलेला असतो. रेनो डस्टरचं १.५ डिझेल किंवा फोक्सवॅगन-स्कोडाचं १.६ डिझेल ही त्याची उदाहरणं. अशा गाडीत पुली हातानं हलवून बघता येत नाही. झाकणाच्या तळाशी ओल किंवा सुकलेला ओघळ दिसतो का, एवढंच बाहेरून कळतं. पण धोका इथेच मोठा आहे. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर टायमिंग बेल्ट तुटतो किंवा दाते सोडतो, आणि अशा बहुतेक इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. त्यापुढे बिलाचा आकडा ऐकायला बसूनच घ्यावं.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत, तसंच काही महागड्या पेट्रोल गाड्यांत पंप विजेवर चालतो. तिथे बेल्ट नाही, पुली नाही. पातळी आणि गळती बघण्याचा भाग त्यांनाही लागू आहे, बाकीचं स्कॅनर लावून बघायचं काम.

पहिलं काम: पातळीवर खूण

इंजिन पूर्ण गार हवं. गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण कधीही उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नाही. झाकणाखाली साधारण एक बार दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच दाब जातो, आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

गार गाडी सपाट जागी लावा. बाटलीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. आज पातळी जिथे आहे तिथे मार्करनं बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्यानं, त्याच जागी, सकाळीच परत बघा.

कूलंटची यंत्रणा बंद असते. पेट्रोलसारखं कूलंट खर्च होत नाही. वर्षभरात पातळी किंचित उतरली तर ठीक, पण दर पंधरा दिवसांनी घोटभर टाकावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. आणि नेमकं इथेच आपण चुकतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा ‘साहेब, पाणी कमी आहे’ म्हणतो, आपण ‘टाक’ म्हणतो आणि विषय संपतो. ओतायला हरकत नाही, पण किती ओतलं आणि कधी, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एवढी एक नोंद असली तरी गॅरेजवाल्याचं अर्धं काम हलकं होतं.

काही गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण असतं आणि बाजूची बाटली फक्त साठ्याची असते. तिथे बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. म्हणून गार असताना एकदा ते झाकण उघडून कूलंट काठोकाठ आहे ना ते बघा.

दुसरं: पुठ्ठा

रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा, पुढची बाजू कुठली ते त्यावर लिहा. सकाळी डाग दिसला तर तो कशाचा हे ओळखायचं. एसी वापरून आल्यावर डॅशबोर्डच्या खालच्या भागातून जे ठिबकतं ते स्वच्छ पाणी, त्याला रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. त्याची काळजी नको. ऑइल काळपट-तपकिरी आणि बुळबुळीत. कूलंट हिरवं, गुलाबी, लाल किंवा निळं, बोटांत चोळलं तर किंचित चिकट, वास गोडसर. चव घेऊन बघायची नाही, हे सांगावं लागतं कारण तसं करणारे आहेत. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. डबकं दिसलं तर भरपूर पाण्यानं धुऊन टाका.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही. बारीक गळती गरम ब्लॉकवर पडते आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच सुकते. मागे राहतो तो पापुद्रा. तो शोधायला पुढची पायरी.

तिसरं: टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा

इंजिन बंद, किल्ली खिशात. पुलीच्या मागे आणि खाली टॉर्च मारा. वीप होलच्या तोंडाशी फिकट, सुकलेला, जुना डाग असेल तर घाबरू नका, नवीन सील बसताना थोडं पाझरतं. पण खालपर्यंत गेलेला ओघळ, पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाचा खरखरीत थर, किंवा बोट लावल्यावर ओलं लागणं, याचा अर्थ सील गेलं. त्याला दुसरा उपाय नाही, पंपच बदलायचा. फक्त सील बदलून देतो म्हणणारे भेटतील. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरच्या पंपांना किट मिळायचं, पण आजच्या बहुतेक गाड्यांचा पंप अख्खाच बदलतात.

डोकं आत जात नसेल तर मोबाइलचा फ्लॅश लावून हात आत घाला आणि व्हिडिओ काढा. महिन्यानं तसाच दुसरा काढा. दोन्ही शेजारी ठेवले की डाग वाढतोय का ते लगेच कळतं, आणि ‘तसं काही नाही हो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला दाखवायला पुरावाही असतो.

गळती नेहमी पंपाचीच असते असं नाही. ओल खाली वाहते आणि पंख्याचा वारा ती मागे फेकतो, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधा. होज पाइपची क्लिप सैल असेल, थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) जोडावरून पाझरत असेल, तर काम शेकड्यांत भागतं. कळतच नसेल तर गॅरेजात प्रेशर टेस्ट करायला सांगा. झाकणाच्या जागी हातपंप लावून गार यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि काटा उतरतो का ते बघतात. गळकी जागा तेव्हा डोळ्यांदेखत भिजते.

चौथं: आवाज

आता इंजिन चालू करायचं, त्याआधी ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, हातातला दोरा हे सगळं आवरा. बेल्टला दया नसते.

बेल्ट सैल झाला किंवा त्याचं रबर कडक झालं की तो किंचाळतो, विशेषतः सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा पावसाळ्यात. बेअरिंगचा आवाज वेगळा. तो घरघर, खरखर असा असतो आणि रेस वाढवली की त्याबरोबर चढतो. फरक कळत नसेल तर फिरत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबून स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा एकच फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर दोष बेल्टचा किंवा ताणाचा. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग. पण कोणाचं? पंपाचं, अल्टरनेटरचं की बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं, हे नवख्या कानाला ओळखता येत नाही. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका भागाच्या अंगाला टेकवून मूठ कानाशी धरतात. हा प्रयोग घरी करू नका, स्क्रूड्रायव्हर बेल्टमध्ये गेला तर हातासकट जातो.

बेल्ट किंचाळतो म्हणून तो नुसता आवळून देण्याची सवय बऱ्याच गॅरेजांत आहे. गरजेपेक्षा जास्त ताण दिला की आवाज बंद होतो आणि पंपाचं बेअरिंग दिवसरात्र ओढलं जातं. बेल्टला भेगा असतील तर बेल्ट बदला, आवळून वेळ मारून नेऊ नका.

पाचवं: पुली हलवून बघणं

इंजिन बंद आणि गार. विजेवरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, म्हणून बोटं त्याच्यापासून दूर. पंपाची पुली वर आणि खाली धरून पुढे-मागे हलवा. टक् असं काही जाणवलं, किंवा पुली डुगडुगली, तर बेअरिंग संपलं.

बेल्ट चढवलेला असताना मात्र त्याच्या ताणानं थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपतो. खरी परीक्षा बेल्ट उतरवल्यावरच होते. तेव्हा अल्टरनेटरच्या कामासाठी किंवा बेल्ट बदलायला गाडी दिली असेल तर एवढं सांगून ठेवा: ‘बेल्ट काढलाय तर पंप हातानं फिरवून बघा, मलाही दाखवा.’ चांगला पंप किंचित जड पण एकसारखा फिरतो. गेलेल्या पंपात बोटांना वाळू असल्यासारखी कचकच लागते.

सहावं: काटा काय सांगतो

गळती नाही, आवाज नाही, प्ले नाही, तरी गाडी तापते. आता आतल्या इम्पेलरचा विचार करायचा. प्लॅस्टिकचा इम्पेलर तडकून शाफ्टवर नुसता घसरतो, आणि लोखंडी पाती गंजून झिजतात. एका जुन्या गाडीतून निघालेला पंप हातात घेऊन बघितला होता, बाहेरून अगदी ठणठणीत, पुली लोण्यासारखी फिरणारी. आत पात्यांच्या जागी तपकिरी खुंट उरले होते, नखानं दाबलं तरी कपचे निघत होते. त्या गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं होतं.

गाडी कधी तापते याकडे लक्ष द्या. सिग्नलला किंवा गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर उतरते, तर बहुधा पंखा चालत नाही. उलट चढावर, हायवेवर, जोर लावल्यावर तापत असेल तर कूलंट पुरेसं फिरत नाही. त्याची कारणं तीन: थर्मोस्टॅट अडकला, रेडिएटर आतून चोक झाला, किंवा पंप थकला. या तिघांत थर्मोस्टॅट स्वस्त आणि सोपा, म्हणून शहाणा मेकॅनिक आधी तो तपासतो. थेट पंपावर उडी मारणाऱ्याला ‘थर्मोस्टॅट बघितला का?’ एवढं विचारा.

इंजिन गरम झाल्यावर केबिनचा हीटर पूर्ण लावून बघा, त्याची उष्णता याच कूलंटमधून येते. गाडी जागेवर उभी असताना गार वारा आणि रेस दिल्यावर गरम, असं होत असेल तर कूलंट कमी आहे, यंत्रणेत हवा अडकली आहे, किंवा पंपाला जोर नाही. महाराष्ट्रात हीटर कोण लावतो, म्हणून हे लक्षण आपल्याकडे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल दिवा, मधलं काही नाही. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा गाडीसाठी ब्लूटूथचं ओबीडी रीडर घेऊन ठेवण्यासारखं आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावलं की मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. बहुतेक गाड्या ८५ ते १०५ अंशांच्या मधे चालतात. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा एकदा माहीत झाला की तो दहा अंशांनी का चढला हे विचारता येतं.

पाणी कुठलं घालता?

पंप लवकर जाण्याचं आपल्याकडचं मोठं कारण गाडीत नसतं, नळात असतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच बोअरच्या पाण्यानं इंजिनाच्या आत चढतो. त्याचे कण सीलच्या गुळगुळीत तोंडावर घासतात. शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, ते काम कूलंटमधल्या रसायनांचं. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला’ हा युक्तिवाद विदर्भाच्या उन्हाळ्यातही ऐकू येतो. कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण आपल्याला ते हवं गंजासाठी आणि उकळण्याचा बिंदू वर नेण्यासाठी.

कॅनवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर तसंच घाला. कॉन्सन्ट्रेट असेल तर मॅन्युअलमधल्या प्रमाणात, बहुतेकदा निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. बॅटरीचं पाणी म्हणून जे कॅनमध्ये मिळतं तेच. रंगावर जाऊ नका, दोन हिरवी कूलंट वेगवेगळ्या जातीची असू शकतात. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बघा. वाटेत अडचण आली तर साधं पिण्याचं पाणी घालून घरी या, पण नंतर सगळं काढून नवीन भरा.

रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकण्याचा जुना उपाय हायवेवर अजून चालतो, बाजारात पावडरीही मिळतात. रेडिएटरच्या भेगेत ती काही काळ अडकेलही. पण फिरत्या शाफ्टच्या सीलवर ती काही करत नाही आणि हीटरच्या बारीक नळ्या मात्र बुजवते.

बदलायची वेळ आली तर

नेमका आयुष्याचा आकडा नसतो. साधारण लाख किलोमीटरनंतर पंपाकडे संशयानं बघावं. टायमिंग बेल्टवरचा पंप असेल तर नियम सोपा: बेल्ट बदलताना पंप आणि टेन्शनरही बदला, पंप चांगला दिसत असला तरी. मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोचण्यातच जातो आणि पंप वर्षभरानं गळाला तर ती सगळी पुन्हा भरावी लागते. सेकंडहँड गाडी घेताना टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा आणि त्यावर पंप आहे का ते वाचा.

दुकानात ‘वॉटर बॉडी’ हा शब्द ऐकू आला तर गोंधळू नका, ते याच पंपाबद्दल बोलताहेत. इंजिन नंबर सांगूनच घ्या, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलचे पंप वेगळे असतात. पॅकिंग नवीन, कूलंट नवीन, जुना पंप परत मागून घ्यायचा.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण, आणि सुरक्षित जागा दिसताच बाजूला. लाल दिवा लागला असेल तर ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ असं म्हणू नका, तेवढ्यात हेड वाकतं. तापमानाबरोबर बॅटरीचा दिवाही लागला असेल तर बहुधा बेल्टच तुटला आहे आणि पंप फिरतच नाही, लगेच इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. निदान तासभर थांबा, मगच झाकणाला हात.

नवीन पंप बसवल्यावर यंत्रणेतली हवा नीट काढली का ते विचारा. काढली तरी उरलेली हवा निघताना पहिल्या काही दिवसांत पातळी थोडी उतरते. आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनावर बघा आणि तेच कूलंट घालून रेघेपर्यंत आणा. त्यानंतरही उतरत राहिली तर आणखी ओतू नका, बिल आणि मोबाइलमधली नोंद घेऊन त्याच गॅरेजात जा आणि प्रेशर टेस्ट समोर उभं राहून करून घ्या.